तीन इंचांचा मासा, तीन फुटांची टाकी

मागच्या वर्षी पुण्याहून मी रेडटेल कॅटफिशचं पिल्लू आणलं. तीन इंचांचं, लाल शेपटीचं, लांब मिशांचं! हॉस्टेलमधली टाकी ३ × १.५ × १.५ फूट, म्हणजे सुमारे १९० लिटर. वाटलं, ऐसपैस आहे. आठवडाभरात सगळे गप्पी गायब!

मित्रांनो, हा ॲमेझॉन-ओरिनोको खोऱ्यांतला शिकारी. पूर्ण वाढला की मीटरभराच्या वर जातो. आपलं साधं गणित लावा: लांबी दहापट, तर वजन हजारपट! घाणही त्याच हिशोबात. तिच्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ते साचू नये म्हणून दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचं. मोठ्या माशाला आठवड्यातून दोनदा खाणं पुरे. टाकीत सुटे गोटे नकोत, पठ्ठ्या तेही गिळतो.

आठ महिन्यांत तो फूटभर झाला. वळताना काचेला घासायला लागला. रूममेट म्हणाला, "दे नदीत सोडून."

नदी म्हणजे आपली लोणीजवळची मुळा-मुठा. ती भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते. तिथले मच्छीमार शोभेच्या टाक्यांतल्या सकर माशाला आधीच वैतागलेत. तोही दक्षिण अमेरिकेतलाच. त्यात आणखी एका शिकाऱ्याची भर मी घालायची?

शेवटी एका हौशी माणसाने त्याला मोठ्या बंदिस्त हौदात घेतलं. प्रत्येकाला असा माणूस मिळत नाही. म्हणून पिल्लू बघून भुलू नका, आधी विचारा, "हा केवढा होणार?"