दोष यंत्राचा नव्हे, सुईचा!

नवी मुंबई : जूनमध्ये शाळा उघडतात आणि गेल्या वर्षीच्या गणवेशाची पँट आखूड झाल्याचे लक्षात येते. नव्या साडीचा फॉलही राहिलेला असतो. एवढ्याशा कामासाठी शिंप्याकडे खेपा घालण्यापेक्षा घरचेच शिलाईयंत्र उघडावे, असा विचार वाशी-नेरुळच्या अनेक घरांत होतो. पहिल्याच टिपेला मात्र दोरा तुटतो, कापडाखाली गुंता होतो आणि यंत्र 'बिघडले' म्हणून पुन्हा माळ्यावर किंवा थेट भंगारात जाते. यातील बहुतांश तक्रारींचे मूळ जुन्या, बोथट सुईत असते.

सुई मोडेपर्यंत बदलायचीच नाही, हा आपला घरोघरचा शिरस्ता. वास्तविक सात-आठ तासांच्या शिलाईनंतर तिचे टोक झिजू लागते. शिफॉनसारख्या तलम कापडाला ९ किंवा ११ क्रमांकाची, पॉपलीन व सुती ब्लाऊजला १४, तर जीन्सला १६ किंवा १८ क्रमांकाची सुई लागते. टी-शर्टच्या विणीच्या कापडाला गोलसर टोकाची सुई हवी. तीक्ष्ण टोकाने वीण तुटते आणि टाके सुटतात. सुईच्या दांड्याची एक बाजू सपाट असते व विरुद्ध बाजूस लांब खाच असते. दोरा नेहमी खाचेच्या बाजूने ओवावा. सुई उलटी बसली तर टाका पडतच नाही.

यानंतर प्रश्न येतो ताणाचा. वर लाल आणि बॉबिनमध्ये पांढरा दोरा घालून चिंधीवर टीप मारून पाहावी. खालच्या बाजूस लाल दोरा दिसला तर वरचा ताण सैल आहे. वर पांढरा दिसला तर तो जास्त आहे. कापडाखाली गुंताच होत असेल, तर दोरा ओवताना दाबपट्टी खाली राहिलेली असण्याची शक्यता अधिक. ती खाली असता ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात व दोरा त्यांच्यामध्ये बसत नाही. पट्टी उचलून दोरा नव्याने ओवला की बहुधा काम भागते. बॉबिनच्या डबीच्या स्क्रूला त्याआधी हात लावू नये.

खाडीकाठच्या दमट हवेत पावसाळ्याचे चार महिने यंत्राला गंज चढतो. महिन्यातून एकदा धूळ व तंतू ब्रशने काढून प्रत्येक छिद्रात यंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सोडावा. खोबरेल तेल कटाक्षाने टाळावे. ते काही दिवसांत चिकटते आणि मळ धरते. यंत्रसंस्कृतीचे कठोर टीकाकार असलेल्या गांधीजींनीही १९२४ साली शिलाईयंत्राचा अपवाद केला होता. अशा वस्तूला भंगाराचा भाव यावा, हे दुर्दैवच.

पँटची दुमड उसवताना कात्री न वापरता सीम रिपर घ्यावा. जुन्या घडीची रेघ व्हिनेगरच्या पाण्याने ओलसर करून इस्त्री केल्यास पुसट होते. रंगच उडाला असेल तर मात्र इलाज नाही. प्रयोग आधी आतल्या बाजूस करावा.

साडीचा फॉल सुती असेल तर लावण्यापूर्वी रात्रभर भिजवून, वाळवून इस्त्री करावा. अन्यथा पहिल्याच धुण्यात तो आटतो आणि काठाला चुण्या पडतात. हाताने टाके घालताना साडीचा एखाददुसराच धागा सुईने उचलावा, आणि दोरा ओढून घट्ट करू नये.