मुक्काम पोस्ट मेहकर

पुण्यात शिकणाऱ्या विदर्भातल्या पोरांना दिवाळी जवळ आली हे कळायला कॅलेंडर लागत नाही. ट्रॅव्हल्सचं तिकीट बघितलं की कळतं. रेल्वेच्या वेटिंगबद्दल तर बोलायलाच नको. यंदा मी ते तिकीट बघितलं, फोन खिशात टाकला आणि पार्किंगमध्ये जाऊन दादाच्या जुन्या बाइकची चेन साफ करायला बसलो. १२५ सीसी, पण चालते मस्त. पुणे ते नागपूर, सातशेच्या वर किलोमीटर, एकट्याने, एका दिवसात! पहाटे पाचला निघायचं, रात्री घरी. आईला सांगितलं, दिवसाच्या ट्रॅव्हल्सने येतोय. म्हटलं, दारात गाडी उभी करून सरप्राइज देऊ.

तुमच्यापैकी किती जणांनी असलं काही केलंय, मनातल्या मनात हात वर करा. रूममेटला माहीत असतं, ग्रुपवर स्टेटस असतं, फक्त घरच्यांना पत्ता नसतो.

आता समृद्धी महामार्ग झालाय, पण तिथे दुचाकीला बंदी. त्यामुळे आपल्याला जुनाच रस्ता. नगर, छत्रपती संभाजीनगर, जालना, सिंदखेडराजा, मेहकर, कारंजा, वर्धा. प्लॅनमध्ये थांबे फक्त पेट्रोलचे होते. जालन्याच्या पुढे एका ढाब्यावर जेवलो, तेही भरपूर, कारण सकाळपासून पोटात फक्त चहा होता. सिंदखेडराजा आलं आणि गेलं. जिजाऊंचं जन्मगाव, शाळेत असल्यापासून बघायचं होतं. लखुजीराव जाधवांच्या राजवाड्याकडे मान वळवायलाही वेळ नव्हता, कारण मॅप सांगत होता की मी पन्नास मिनिटं मागे आहे.

मग सुलतानपूरच्या आसपास कुठेतरी ते झालं.

काय झालं, हे मला नीट सांगता येत नाही, आणि भीती त्याचीच आहे. समोर उसाचा ट्रॅक्टर होता, लांब होता. नंतर एकदम गाडीखाली खडखड झाली आणि मी डांबर सोडून साइडपट्टीच्या मुरुमावर होतो. मधलं काही आठवतच नाही. गाडी कशी सावरली, देव जाणे. पडलो नाही, कुणाला धडकलो नाही. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत गेला, तेवढंच.

नंतर हिशेब केला. ताशी ७० म्हणजे सेकंदाला साधारण १९ मीटर. तीन सेकंद डोळा लागला तरी पन्नास मीटरच्या वर गाडी आपली आपण चालत असते, तुमच्याशिवाय. याला मायक्रोस्लीप म्हणतात. रात्री उशिरा आणि पहाटे तर येतेच, पण दुपारी दोन ते चारच्या दरम्यानही शरीर असंच ढेपाळतं, आणि वर भरपेट जेवण असेल तर विचारूच नका. गाणी लावून, तोंडावर पाणी मारून ती जात नाही. चहा-कॉफीलासुद्धा अंगात भिनायला वीस-तीस मिनिटं लागतात. झोपेवर उपाय एकच, झोप. हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. रील्समध्ये बघितलेलं होतं की!

मेहकर पुढे थोडंच होतं. हात थरथरत होते म्हणून चाळीसच्या वर गेलो नाही. स्टँडजवळ एका टपरीपाशी गाडी लावली आणि बाकड्यावर बसलो. टपरीवाल्या मावशींनी न विचारता पाण्याचा ग्लास पुढे केला.

‘‘कुठून आला बाबू?’’

‘‘पुण्याहून.’’

‘‘गाडीवर? आन् जातं कुठी?’’

‘‘नागपूरला. आजच.’’

‘‘आजच कायले?’’

या ‘कायले’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण कानावर तो शब्द पडला आणि एकदम वाटलं, आलो आपण आपल्या मुलखात. दोन वर्षं पुण्यात मी ‘कशाला’ म्हणायला शिकलोय. आलूबोंडा खाल्ला, चहा घेतला. मावशी कढईतून मान वर न काढता म्हणाल्या, ‘‘घरी माहीत हाय का, तू कुठी हायस ते?’’

नव्हतं ना. तिकडे आई समजत होती, मी ट्रॅव्हल्सच्या खिडकीत बसलोय. मघाशी मुरुमावर घसरलो असतो तर पोलिसांचा फोन गेला असता आणि तिला वाटलं असतं, राँग नंबर.

एकट्याने फिरणं म्हणजे कुणाला न सांगता फिरणं, असं मीच कधीतरी ठरवून टाकलं होतं. माझी यवतमाळची एक मैत्रीण एसटीने एकटी फिरते. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, त्याचा तिने पुरेपूर फायदा उठवलाय. तिचे नियम पक्के. मुक्कामाच्या गावात उजेडी पोचायचं, स्टँडवर वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीजवळ बसायचं, लॉजचं नाव बहिणीला कळवायचं. मी तिला घाबरट म्हणायचो. ती माझ्यापेक्षा तिप्पट फिरलीय. (राष्ट्रीय महामार्गाचा हेल्पलाइन नंबर १०३३, आणि कुठेही अडलात तर ११२, हेही तिच्याकडूनच कळलं.)

बाहेर जाऊन आईला फोन लावला आणि सगळं सांगितलं. साइडपट्टीचंसुद्धा. पलीकडे बराच वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, ‘‘थांब तिथंच. उजाडल्याशिवाय निघायचं नाही.’’ मागून बाबांचा आवाज आला, ‘‘पोट्ट्याले लॉज बघ म्हणा आधी.’’

लॉज मिळाला. ‘एकटेच?’ हा प्रश्न दोनदा झाला, आधार कार्ड झालं, कॉलेजचं आयकार्डही बघून झालं. गाडी जिन्याखाली आत घेऊ दिली. मी संध्याकाळी सहाला झोपलो तो पहाटे पाचला उठलो. ग्रुपवर ‘पोचला का बे?’चे सतरा मेसेज होते.

सकाळी शारंगधर बालाजीचं दर्शन घेतलं. काळ्या पाषाणातली प्रचंड उभी मूर्ती, १८८८ साली जमिनीखाली सापडलेली. तिच्यासमोर मान पूर्ण वर करावी लागते. मग, पैनगंगेच्या काठच्या या गावातून पुढे निघायच्या ऐवजी, मी चक्क मागे वळलो. सुलतानपूरला लोणारचा फाटा आहे. आदल्या दिवशी तो मी बहुतेक झोपेतच ओलांडला होता. उल्का आदळून बेसॉल्टच्या खडकात झालेलं विवर, जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंद, आणि खाली खारं पाणी. कठड्यावर अर्धा तास नुसता बसलो. कुणी मागे नव्हतं, मी कुणाच्या मागे नव्हतो.

संध्याकाळी उजेडातच नागपूरला पोचलो. सरप्राइज वगैरे काही नाही, आई फाटकातच उभी होती. आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. बोलली काहीच नाही. दोन दिवस बाबाच बोलत होते.

उद्या परत निघतोय. मुक्काम मेहकरला, लॉजवाल्यांना फोन झालाय. कॅरिअरला एक स्टीलचा डबा बांधलाय, त्यात चकल्या आणि चिवडा. आईने तीनदा बजावलंय, हा पुण्याला न्यायचा नाही, स्टँडजवळच्या त्या बाईंना द्यायचा, आणि रिकामा डबा परत आणायचा.