टायरच्या कडेवरचे आकडे

गाडीला कोणता टायर बसतो, याचे उत्तर गाडीवरच लिहिलेले असते. ड्रायव्हरचे दार उघडले की बहुतेक गाड्यांत खांबावर एक छोटे स्टिकर दिसते. त्यावर टायरचे माप आणि हवेचा दाब दिलेला असतो. तिथे नसेल तर गाडीसोबतच्या पुस्तिकेत असतो. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर चाकावरचा टायर पाहून माप ठरवणे धोक्याचे, कारण आधीच्या मालकाने भलतेच माप बसवलेले असू शकते.

मारुतीच्या एर्टिगाचे माप 185/65 आर15 असे लिहितात. 185 ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 65 म्हणजे रिमपासून जमिनीपर्यंतच्या रबराची उंची रुंदीच्या 65 टक्के, साधारण 120 मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल. 15 हा रिमचा व्यास, आणि तो मात्र इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच एकत्र आल्यामुळेच माणसे गोंधळतात. रिमचे 381 मिलिमीटर आणि वरखालचे रबर मिळून हे चाक सुमारे 621 मिलिमीटर उंच भरते.

माप बदलताना ही एकूण उंची जपणे सर्वांत महत्त्वाचे. स्विफ्टच्या साध्या मॉडेलला 165/80 आर14 आणि वरच्या मॉडेलला 185/65 आर15 टायर येतात. रिम एक इंचाने वाढली, टायर रुंद झाला, तरी दोन्ही चाकांच्या उंचीत जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक पडतो. कंपनीने रिम वाढवताना रबर तेवढे कमी केले. हा हिशेब न करता 185/65 च्या जागी 205/65 बसवला, तर चाक सुमारे चार टक्के उंच होते. मग स्पीडोमीटर आणि ओडोमीटर दोन्ही कमी दाखवतात, पिकअप मंदावतो आणि वळताना टायर मडगार्डच्या आतल्या बाजूला घासू शकतो. रिकाम्या गाडीत हे घासणे कळतही नाही. एर्टिगात सात माणसे बसून स्प्रिंगा दबल्या की कळते. रुंद टायर रुबाबदार दिसतो खरा, पण पावसात साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो आणि मायलेजही खातो.

मापाच्या पुढे 88एच असे काही लिहिलेले असते. दुकानात त्याकडे क्वचितच लक्ष जाते, आणि कुटुंबाच्या गाडीसाठी तेच सर्वांत मोलाचे. 88 हा वजनाचा निर्देशांक: योग्य हवा असताना एक टायर 560 किलोपर्यंत भार पेलतो. 82 असेल तर 475 किलो. एच म्हणजे ताशी 210 किलोमीटरची वेगमर्यादा, टी म्हणजे 190. उदाहरणार्थ, पुण्याजवळच्या लोणी काळभोरमधल्या एखाद्या घरातली गाडी एरवी हडपसरपर्यंत दोन माणसांना नेते, चतुर्थीला थेऊरला जाते, आणि सुट्टीत तीच गाडी माणसे नि सामान भरून सोलापूर महामार्गाने तुळजापूर-अक्कलकोटला निघते. मे महिन्याच्या उन्हात, तेलाच्या टँकरांच्या शेजारून धावताना कमी निर्देशांकाचा किंवा कमी हवेचा टायर जास्त दबतो, दबल्याने तापतो, आणि तापलेला टायर फुटतो. म्हणून माप तेच ठेवून निर्देशांक वाढला तर चालेल. मूळ आकड्याखाली उतरू नये. थोडे पैसे वाचवायला कमी निर्देशांकाचा टायर घेणे ही घरच्यांच्या जिवाशी केलेली तडजोड आहे.

एकाच ॲक्सलवर दोन वेगळी मापे घालू नयेत. स्टेपनीचे माप वेगळे असेल तर ती फक्त दुकानापर्यंत पोहोचण्यापुरती वापरावी. विकत घेताना आयएसआय चिन्ह आणि कडेवरचे चार अंक पाहावेत: 2324 म्हणजे 2024 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरवर आली की कायद्यानेही टायर बाद ठरतो. खाचांमधल्या छोट्या उंचवट्यांपर्यंत रबर झिजले, की तो गोटा झाला असे समजावे.