पिचकारीची भूमिती

टीव्हीवरच्या मालिकांत रक्ताचे शिंतोडे पाहून खून कसा झाला ते सांगतात, ते खरं असतं का, असं एका वाचकाने विचारलं आहे. त्यांनी खोताच्या वाडीतून बाहेर पडून गिरगावातल्या एखाद्या जुन्या चाळीचा जिना चढावा. वळणावरच्या कोपऱ्यात, देवांच्या टाइल्स लावूनही, पानाच्या पिचकाऱ्या असतातच.

समोरून आदळलेला थेंब गोल उमटतो. तिरका आला की लांबट होतो आणि जिकडे निघाला होता तिकडे त्याला शेपूट फुटतं. डागाची रुंदी भागिले लांबी म्हणजे आदळण्याच्या कोनाचा साइन. रुंदी 5 मिलिमीटर, लांबी 10, तर कोन 30 अंश. पाचसहा डागांपासून त्या त्या कोनात मागे दोरे ताणले की ते जिथे जवळ येतात, तिथे थुंकणाऱ्याचं तोंड! फक्त एक गोम आहे : दोरा सरळ जातो, थेंब मात्र गुरुत्वाकर्षणाने वाकत येतो. त्यामुळे हिशेबातला माणूस खऱ्याहून उंच भरतो.

रक्तालाही हीच भूमिती लागू पडते. एडुआर्ड पिओत्रोव्स्कीने सशांवर प्रयोग करून 1895 मध्ये व्हिएन्नात यावर प्रबंध छापला. पण भूमितीवरून गोष्ट रचायला गेलं की पाय घसरतो. बारीक शिंतोडे घावाने उडतात, तसे जखमी माणसाच्या खोकल्यानेही उडतात. रक्तावर बसलेल्या माश्या ते भलत्याच भिंतीवर ओकतात, तेही शिंतोड्यांसारखंच दिसतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने 2009 मध्ये या शास्त्रातली अनिश्चितता प्रचंड असल्याचं बजावलं. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जाणकार विश्लेषकांची सुमारे 11 टक्के उत्तरं चुकली. मालिकेतला साहेब मात्र कधीच चुकत नाही.

शिवाय, रक्त कुणाचं, हे डागाचा आकार सांगत नाही. त्यासाठी पूर्वी रक्तगटावर भिस्त असे. आणि इथे मला परळला गेल्यावाचून राहवत नाही.

तिथल्या केईएम रुग्णालयात दोन जखमींना रक्त हवं होतं. एक रेल्वे अपघातातला, दुसरा भोसकलेला. तपासणीत दोघांचं रक्त ओ गटाचं दिसत होतं, पण ओ गटाचंही रक्त जुळेना. डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी लंडनच्या तज्ज्ञांसह 1952 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा नवा प्रकार जाहीर केला. तोच आजचा बाँबे रक्तगट.

खोताच्या वाडीतलं घर डोळ्यांपुढे आणा. जोतं म्हणजे एच हा घटक. त्यावर कुणी ए मजला चढवतं, कुणी बी, कुणी दोन्ही. ओ गट म्हणजे नुसतं जोतं. बाँबे गटात जोतंच नाही. मजल्याचा नकाशा आईबापांकडून मिळाला तरी बांधणार कशावर? तोच नकाशा मुलाकडे गेला, तिथे जोतं असलं, की मजला उभा राहतो. मग ओ म्हणून नोंदलेल्या आईबापांच्या घरात ए गटाचं मूल जन्मतं आणि नाहक संशयाचं भूत उठतं.

वाळलेल्या डागाचा गट काढतानाही हाच घोळ. ए नाही, बी नाही, म्हणजे ओ, असं वजाबाकीने ठरवलं तर फसगत होऊ शकते. एच आहे का, हे स्वतंत्रपणे तपासावं लागतं. आता डीएनएमुळे केवळ रक्तगटावर भिस्त ठेवावी लागत नाही, हे बरंच झालं.

बाँबे हे नाव जगभरच्या रक्तपेढ्यांत रुजलं. भेंडे, देशपांडे, भाटिया ही नावं परळच्या बसथांब्यावर विचारून पाहा! मालिकेतल्या साहेबाला पहिल्या नजरेत उत्तर सापडतं. या तिघांचं काम तर उत्तर जुळेना तिथूनच सुरू झालं.