सीईटीची कलमे

कारखान्यात नवा करार आला म्हणजे आम्ही आधी कलमे वाचतो, मग सही करतो. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेचे, म्हणजे सीईटीचे, तसेच आहे. घाटकोपर-मुलुंडच्या कामगार वस्तीत क्लासच्या फीसाठी पतपेढीचे कर्ज निघते. परीक्षेचे माहितीपत्रक मात्र क्वचितच उघडले जाते.

अभियांत्रिकीच्या गटात पदार्थविज्ञान व रसायन यांचे मिळून १०० प्रश्न, प्रत्येकी १ गुण, वेळ ९० मिनिटे. प्रश्नाला पुरता मिनिटही नाही! गणिताचे प्रश्न ५०, गुण प्रत्येकी २, आणि वेळ पुन्हा ९० मिनिटे. आमच्या भाषेत, गणिताला मजुरी दुप्पट. २०० पैकी १०० गुण तिथेच आहेत. पहिले दोन विषय मराठीतून देता येतात, गणित इंग्रजीतूनच. म्हणून मराठी शाळेतल्या मुलाने गणिताच्या इंग्रजी संज्ञा अकरावीच्या आरंभीच पाठ कराव्यात.

चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नये. आणि मंडळी, सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीवरचे असतात. ती पुस्तके एवढ्यात रद्दीवाल्याला देऊ नका.