बीडच्या आकाशात एक इंजिन बंद पडलं तर

बीडवरून चाळीस हजार फुटांवर जाणाऱ्या बिझनेस जेटचं एक इंजिन बंद पडलं, तर विमान दगडासारखं खाली येत नाही. ही इंजिनं बहुधा शेपटीजवळ असतात, त्यामुळे नाक बंद इंजिनाकडे वळतं, पण थोडंच. चालत्या इंजिनाच्या बाजूचं रडर पेडल दाबून वैमानिक ते सरळ करतो. एका इंजिनावर एवढी उंची सहसा टिकत नाही. विमान हळूहळू उतरत दाट हवेत स्थिरावतं.

खरा धोका घाईचा. 8 जानेवारी 1989 रोजी इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ एका बोइंग प्रवासी विमानात बिघडलेल्या डाव्याऐवजी धडधाकट उजवं इंजिन बंद केलं गेलं. 47 जण दगावले. म्हणून एका वैमानिकाने बंद करायच्या इंजिनाच्या लिव्हरवर हात ठेवायचा, दुसऱ्याने खात्री करायची, मगच बंद करायचं. मी तर म्हणेन, इथे गेलेले चार सेकंद वाया जात नाहीत.

मग नियंत्रण कक्षाला ‘मेडे’ किंवा ‘पॅन पॅन’ हा आणीबाणीचा संदेश. उतरायचं कुठे? छत्रपती संभाजीनगरचं चिकलठाणा विमानतळ बीडपासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर, म्हणजे पंधरा-वीस मिनिटांवर. लातूरही फार लांब नाही, पण मोठी धावपट्टी आणि नियमित वाहतूक पाहता पसंती बहुधा चिकलठाण्यालाच.