जुळ्या कोकरांचे गणित

हैदराबादच्या आबिड्स भागात दुपारी बाराच्या ठोक्याला उपाहारगृहांतून बिर्याणीच्या हंड्या उतरू लागतात. सहाव्या निजामाच्या खासगी सेवेतील अल्बर्ट आबिड या आर्मेनियन गृहस्थाच्या दुकानावरून या वस्तीला हे नाव पडले. आज तेथे दुकानांइतकीच खानावळींचीही गर्दी आहे. त्या हंड्यांत शिजणारे मटण बहुधा मेंढीचे असते. आपण गोव्यात मटण म्हणतो ते बकऱ्याचे. मेंढी आपल्या दमट, पावसाळी हवेत रमत नाही आणि आपल्याकडचा धनगर गवळी म्हशी नि शेळ्या राखतो. त्यामुळे मेंढी हा विषय आपल्या वृत्तपत्रांत सहसा येत नाही. तेलंगणात मात्र तो निवडणुकीच्या सभांमध्येही येतो.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ७ कोटी ४२ लाखांहून अधिक मेंढ्या मोजल्या गेल्या. त्यांपैकी सुमारे १ कोटी ९१ लाख एकट्या तेलंगणात होत्या आणि त्या राज्याचा क्रमांक देशात पहिला लागला. आधीच्या, म्हणजे २०१२ च्या गणनेत हा आकडा १ कोटी २८ लाख होता. सात वर्षांत जवळपास निम्म्याने वाढ झाली. महाराष्ट्रात त्याच गणनेत मेंढ्या होत्या सुमारे २७ लाख.

तेलंगणातील या वाढीमागे एक सरकारी योजना होती. जून २०१७ मध्ये राज्य शासनाने गोल्ल आणि कुरुमा या पशुपालक समाजांतील कुटुंबांना मेंढ्या वाटण्यास आरंभ केला. एका घटकात वीस मेंढ्या आणि एक मेंढा, किंमत सव्वा लाख रुपये, त्यात पंचाहत्तर टक्के अनुदान. एवढी जनावरे राज्यात मिळणे शक्य नव्हते. म्हणून ती शेजारच्या राज्यांतून मालमोटारींनी आणली गेली. प्रवासात आणि नव्या चाऱ्या-पाण्यात मेंढ्या दगावल्याच्या, तसेच वाटलेल्या मेंढ्या पुन्हा विकल्या गेल्याच्या तक्रारी पुढे आल्या, खरेदी-व्यवहारांची चौकशीही झाली. तो राजकारणाचा भाग येथे बाजूला ठेवू. पशुपैदाशीच्या दृष्टीने प्रश्न साधा आहे. एका राज्याने विकत घेतलेली मेंढी दुसऱ्या राज्याच्या कळपातून कमी होते. कळप आतून वाढवायचा, तर प्रत्येक मेंढीमागे जगणाऱ्या कोकरांची संख्या वाढली पाहिजे. हे कसे साधेल, याचा शोध हैदराबादेपासून बराच पश्चिमेला, सातारा जिल्ह्यातील फलटणला घेतला गेला.

हैदराबादहून फलटणकडे वळणे वाटते तितके आडवाटेचे नाही. १९५६ पूर्वीच्या निजामी राज्यात तेलंगणाबरोबर मराठवाडा आणि कर्नाटकाचे काही जिल्हे होते. या सगळ्या माळरानावर आणि पश्चिमेस थेट सह्याद्रीच्या पर्जन्यछायेपर्यंत एकच मेंढी चरत आली आहे, ती म्हणजे दख्खनी. बहुधा काळी, काटक, मैलोन्‌मैल चालणारी. राज्यांची पुनर्रचना झाली तशी तिची राखण तीन भाषांत विभागली गेली. इकडे धनगर, तिकडे कुरुब, पलीकडे कुरुमा. महाराष्ट्रात तिचे लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी असे उपप्रकार मानले जातात. तिची लोकर राठ. तिची घोंगडी होते, तलम शाल होत नाही. मराठी मुलखात ती सनगर विणतात, तेलंगणात कुरुमा स्वतःच विणतात आणि तिला गोंगडी म्हणतात. गिरणीतल्या स्वस्त ब्लँकेटांपुढे घोंगडीची मागणी ओसरली आणि मेंढीचे मोल मांसावर येऊन ठेपले. मांसाच्या हिशेबात दख्खनीची एक अडचण आहे. ती एका वेतात बहुधा एकच कोकरू देते. शंभर मेंढ्या व्याल्या, तर कोकरे शंभराहून जेमतेम चार-पाच जास्त.

फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था ब. वि. निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केली. तिच्या पशुसंवर्धन विभागाची धुरा त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांनी वाहिली. (त्या इरावती कर्वे यांच्या नात. महाराष्ट्राच्या समाजांचा अभ्यास करणाऱ्या विदुषीच्या घरातले पुढचे संशोधन धनगराच्या कळपापर्यंत पोहोचावे, हा योगायोग मला मोठा मनोज्ञ वाटतो.) या संस्थेने जुळे देणाऱ्या मेंढीचा शोध घेतला, तो बंगालच्या सुंदरबनात. तेथे गारोळ नावाची एक चिमुकली मेंढी आहे. गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभी राहून ती चरते. पूर्ण वाढलेल्या मादीचे वजन दहा-पंधरा किलो, दख्खनी मेंढीच्या निम्मे. मात्र जुळी देणे तिला नेहमीचे, तिळी देणेही अप्रूपाचे नाही.

या गारोळचा इतिहास अद्‌भुत आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधील बुरूला नावाच्या पशुक्षेत्रावर जुळी-तिळी देणाऱ्या मेरिनो मेंढ्यांचा एक कळप होता. तेथील राष्ट्रीय संशोधन संस्थेने १९५८ च्या सुमारास त्यातील जनावरे अभ्यासासाठी घेतली. पुढे असे दिसले की, हा गुण अनेक जनुकांच्या बेरजेतून आलेला नसून एकाच प्रभावी जनुकातून आलेला आहे. त्यालाच बुरूला जनुक म्हणतात. २००१ मध्ये शास्त्रज्ञांच्या तीन गटांनी त्याचा नेमका ठाव स्वतंत्रपणे लावला. मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावर एका ग्राहक प्रथिनाची कृती साठवलेली असते. त्या प्रथिनातील २४९ व्या स्थानी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन हे अमिनो आम्ल येते. बदल एका अक्षराचा, परंतु त्यामुळे बीजांडकोषातील पुटिका लहान असतानाच पक्व होतात आणि एका माजात एकाऐवजी दोन-तीन बीजांडे सुटतात. पाठोपाठ २००२ मध्ये आठ देशांतील बहुप्रसव मेंढ्यांची तपासणी झाली, तेव्हा तोच बदल गारोळमध्ये सापडला. १७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून जहाजांनी ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीत मेंढ्या गेल्या होत्या, याची नोंद आहे. त्यांच्याबरोबर हे जनुक तेथे पोहोचले असावे, हे अनुमान त्यामुळे बळकट झाले. म्हणजे जगाने ऑस्ट्रेलियन म्हणून ओळखलेले जनुक मुळात बंगालच्या चिखलातले.

फलटणला पुढचे काम धीराचे होते. गारोळ मेंढा आणि दख्खनी मेंढी यांच्या पहिल्या संकरात जुळ्यांचे जनुक येते, पण अर्धे अंग गारोळचे राहते. असे बुटके कोकरू बाजारात किंमत आणत नाही आणि धनगर त्याच्याकडे पाहतही नाही. म्हणून त्या संकराची पैदास पुन्हा मोठ्या जातीशी करायची, त्यातली जनुकधारी निवडायची, त्यांची पैदास परत मोठ्या जातीशी करायची. दर पिढीला गारोळचा अंश निम्मा होतो. अर्धा, पाव, अष्टमांश. जनुक मात्र निवडीमुळे टिकून राहते. दख्खनीबरोबर कर्नाटकातील मांसल बन्नूर मेंढीचेही रक्त यात आले. यातून जी मेंढी उभी राहिली, तिला ‘नारी सुवर्णा’ हे नाव मिळाले. नारी म्हणजे संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे. मराठीत ती किती नेमकी बसली आहेत, हे सांगायला नको.

या निवडीत खरी मेख मेंढ्याची आहे. मादी जनुकधारी आहे की नाही, ते निदान तिच्या वेतावरून उमगते. मेंढा स्वतः व्यात नाही. त्याच्या अंगी हे जनुक आहे का, हे कळायला त्याच्या लेकी मोठ्या होऊन व्यायची वाट पाहावी लागे, आणि त्यात तीन-चार वर्षे निघून जात. जनुकाचे नेमके स्थान कळल्यावर हा खोळंबा संपला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साहाय्याने डीएनए चाचणी उभी राहिली आणि कोकराच्या रक्ताच्या काही थेंबांवरून उत्तर मिळू लागले. १९९८ पासून ऑस्ट्रेलियाच्या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन केंद्राचे अर्थसाह्य आणि आर्मिडेल येथील न्यू इंग्लंड विद्यापीठाचे सहकार्य या कामाला होते. नोव्हेंबर २००८ मध्ये पुण्यात या जनुकाच्या उपयोगावर आंतरराष्ट्रीय कार्यशाळाही भरली.

आता धनगराच्या बाजूने हिशेब मांडू. हा हिशेब केवळ नमुन्यादाखल आहे. चाळीस दख्खनी मेंढ्यांच्या कळपात त्याने असा मेंढा सोडला, की ज्याच्याकडे आई आणि बाप दोघांकडून आलेल्या जनुकाच्या दोन्ही प्रती आहेत. त्या वर्षी जुळी होतील का? नाही. एका वेतात किती कोकरे होणार हे मेंढीच्या बीजांडांवर ठरते, मेंढ्यावर नाही. ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही आणि मग मेंढा फसवा निघाला अशी बोलवा होते. चाळीस कोकरे होतील, त्यांत वीस माद्या, आणि त्या प्रत्येकीकडे जनुकाची एक प्रत असेल. दीड-दोन वर्षांनी त्या व्यायला लागल्या, की फरक दिसतो. फलटण परिसरातील अनुभव असा, की एक प्रत असलेली मेंढी सरासरी दीडच्या आसपास कोकरे देते. म्हणजे वीस मेंढ्यांमागे तीस कोकरे. आधीपेक्षा दहा जादा. जवळपास तेवढ्याच मेंढ्या, तेवढेच राखणदार, कोकरे मात्र दीडपट.

कागदावर हे उत्तम दिसते. माळावर मात्र जुळी कोकरे जन्मतः हलकी असतात आणि दख्खनी आईच्या सडात दूध असते ते एका कोकरापुरते. दुसरे मागे पडते. कळप मुक्कामी असेल, तर त्याला वरचे दूध पाजता येते, शेळी लावून देता येते. आईला शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात आणि व्याल्यानंतर थोडी पेंड, भरडा, हिरवा पाला मिळाला, तर दोन्ही कोकरे सावरतात. पण दिवाळीनंतर घर सोडून मुलूख पालथा घालणाऱ्या, दर मुक्कामाला वेगळ्या शेतात मेंढरे बसवणाऱ्या धनगराने हे करायचे कसे? रोज आठ-दहा किलोमीटर चालताना दोन कोकरे काखोटीला मारणारी बाई त्या वाड्यात आधीच पाणी, सरपण आणि चूल सांभाळत असते. जादा कोकराचे कष्ट कुणाच्या वाट्याला येतात, हे कोणत्याही प्रकल्प-अहवालाच्या पहिल्या पानावर यायला हवे, असे मला वाटते. म्हणूनच नारी सुवर्णा अधिक रुजली ती अर्धबंदिस्त किंवा बंदिस्त पद्धतीने, थोड्या मेंढ्या घराजवळ राखणाऱ्यांकडे. दोन प्रतींची मादी मुद्दाम वाढवत न बसण्याचे कारणही हेच. तिळी झाली, की तिसरे कोकरू बहुधा हातचे जाते.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. दख्खनीचे सामर्थ्य तिच्या काटकपणात आहे. कोरड्या साली ती कमी खाऊन, लांब चालून जगते. तेलंगणाच्या अनेक भागांत नेल्लोरच्या उंच, लोकर नसलेल्या मेंढ्यांशी संकर होऊन काळी दख्खनी दिसेनाशी झाली आणि तिच्याबरोबर गोंगडीची लोकरही गेली. काही पशुवैद्यक आणि पशुपालक संघटना या बदलाविरुद्ध दीर्घकाळ बोलत आहेत. त्यांचा मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही. फलटणच्या प्रयोगाची जमेची बाजू एवढी, की तेथे दख्खनीच्या जागी परकी मेंढी आणलेली नाही, तिच्यात एका जनुकाची भर घालण्याचा प्रयत्न आहे. ती भर पेलेल का, हे मात्र चाऱ्यावर ठरते.

हीच वाट इतरांनीही चोखाळली आहे. राजस्थानातील अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने गारोळ, मालपुरा आणि पाटणवाडी यांच्या संकरातून ‘अविशान’ मेंढी तयार केली. तिच्यात गारोळचा अंश अष्टमांशच आहे. इस्राएलने हेच जनुक आपल्या दुभत्या अवासी मेंढीत उतरवले. काश्मीरच्या शेर-ए-काश्मीर कृषी विद्यापीठाने डिसेंबर २०२४ मध्ये जन्मलेले जनुक-संपादित कोकरू गेल्या वर्षी, मे २०२५ मध्ये, जगापुढे आणले. त्यात स्नायूंची वाढ रोखणारे जनुक निष्क्रिय केले आहे. ते प्रयोगशाळेचे यश मोठे, तथापि कळपापर्यंतचा पल्ला अजून लांबचा आहे. फलटणच्या पद्धतीत कशाचेही संपादन नाही. निसर्गात आधीच असलेले जनुक पारंपरिक पैदाशीने एका जातीतून दुसरीत आणायचे, एवढेच. नवे आहे ते त्याला ओळखण्याचे तंत्र.

कोकरू जगवण्याच्या कामी हैदराबादचाही वाटा आहे. दक्षिणेत पावसाळ्यानंतर चिलटांमार्फत पसरणारा नीलजिव्हा रोग कळपच्या कळप आडवे करतो. पाच विषाणूप्रकारांवर चालणारी त्यावरची लस याच शहरातील इंडियन इम्युनॉलॉजिकल्स बनवते. शहराच्या पूर्वेस चेंगिचर्ला येथे राष्ट्रीय मांस संशोधन संस्था आहे. समोरचे मांस मेंढीचे, बकऱ्याचे की आणखी कशाचे, हे डीएनएवरून ओळखण्याच्या पद्धती तेथे विकसित झाल्या. आबिड्सच्या हंडीतील मटणाबद्दल वाद झालाच, तर तो तेथे निकालात निघू शकतो.

एक अडचण मात्र अजून सुटलेली नाही. गाई-म्हशींच्या पैदाशीत उत्तम वळूचे रेत गोठवून नळकांडीतून गावोगाव जाते. मेंढीच्या गर्भाशयमुखाचा मार्ग इतका नागमोडी असतो, की रेतननळी त्यातून पार जात नाही; गोठवलेले रेत वापरायचे, तर पोटाला बारीक छेद देऊन दुर्बिणीच्या साह्याने ते थेट गर्भाशयात सोडावे लागते. फलटणला हे तंत्र वापरले गेले, पण ते कुशल पशुवैद्यकाचे काम आहे, गावच्या दवाखान्यात रोज होणारे नाही. थंड करून ठेवलेले रेत अधिक सोपे, पण ते दिवसभरात वापरावे लागते. त्यामुळे जुळ्यांचे हे जनुक गावी न्यायचे, तर आजही पशुपालकाला चाचणीचा दाखला पाहून जिवंत मेंढाच विकत घ्यावा लागतो आणि टेम्पोत घालून घरी आणावा लागतो.